जी.आर. रद्द झाला; डोरेमॉनचं काय?

परवा रात्री स्टेटसला जायंट रोबोटचा फोटो टाकला. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलं त्यांना तो कोण हे सांगायला नको. सकाळी उठून बघतो तर उत्तरांचा ढीग. निम्म्या लोकांनी मनगटावरच्या घड्याळात बोलून रोबोला बोलावणारा तो पोरगा आठवतोय म्हणून लिहिलं. आणि एका मित्रानं लिहिलं, "साहेब, गावाला पाणी किती दिवसांनी येतंय ते लिहा. या वयात कार्टून काय बघायलाय?"

पाण्यावर लिहितोय आणि पुढंही लिहीन. पण "या वयात कार्टून" याला उत्तर देतोच. कारण हा विषय पोरखेळाचा नाही. आपल्या पोरांच्या भाषेचा आहे. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक दुरुस्ती. जायंट रोबोट कार्टून नव्हतं. माणसांनी कामं केलेली ती जपानी मालिका, १९६७-६८ ची, एकूण २६ भाग. मूळ चित्रकथा मित्सुतेरू योकोयामा यांची. याच माणसानं १९५६ साली 'तेत्सुजिन २८' नावाच्या लोखंडी राक्षसाची चित्रकथा सुरू केली आणि १९६३ साली तिचं कार्टून टीव्हीवर आलं. त्या राक्षसाला स्वतःची अक्कल नाही. ज्याच्या हातात रिमोट, त्याचा तो नोकर. चांगल्या माणसाच्या हातात असला तर गाव वाचवतो, चोराच्या हातात गेला तर गाव जाळतो. योकोयामा कोबे शहराचे. लहानपणी त्यांनी बॉम्बफेकीत जळालेलं शहर पाहिलेलं. त्यामुळं ताकद कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यांनी पोरांच्या गोष्टीतच घातला.

सात वर्षांचे असताना आपल्याला फक्त बोटातून सुटणारी रॉकेटं दिसली. पंचेचाळिशीत तेच परत बघितलं की कळतं, शेवटी तो रोबो पोराचा हुकूम मोडतो आणि सगळ्यांना वाचवायला स्वतःचा बळी देतो. आयुष्यभर हुकूम पाळणारं यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या मनानं वागतं ते मरण्यासाठी. हे लहान पोरांसाठी लिहिलेलं आहे! आपल्याकडं पोरांसाठी म्हटलं की ससा-कासव आणि तात्पर्य.

म्हणून चाळिशीतला माणूस जुनं जपानी कार्टून परत बघत असेल तर हसू नका. लहानपणी जे डोळ्यांसमोरून गेलं पण कळलं नाही, ते तो आता समजून घेतोय. त्यात लाज कसली?

आता मुद्द्याच्या जवळ येतो. हे सगळं परत बघता बघता मला एक असं सापडलं जे लहानपणी आपल्यापर्यंत पोचलंच नव्हतं. 'गॅलक्सी एक्सप्रेस ९९९'. लेजी मात्सुमोतो यांची चित्रकथा १९७७ ची. १९७८ ते १९८१ टीव्हीवर ११३ भाग चालले, १९७९ ला सिनेमा आला. गोष्ट अशी की पुढच्या काळात श्रीमंत लोक यंत्राचं शरीर घेऊन शेकडो वर्षं जगतात आणि गरीब किड्यामुंगीसारखे मरतात. एका गरीब पोराची आई हे यंत्रलोक शिकार म्हणून मारतात. त्या पोराला कळतं, लांबच्या एका ग्रहावर यंत्राचं शरीर फुकट मिळतंय. तिथं जायचं कसं? तर रेल्वेनं. आकाशातून जाणारी रेल्वे, पुढं कोळशाच्या इंजिनासारखं इंजिन, धूर, शिट्टी, तिकीट तपासणारा कंडक्टर. प्रत्येक स्टेशनवर नवी माणसं, नवं दुःख. आणि एवढा प्रवास करून शेवटी तो पोरगा यंत्र व्हायचा विचारच सोडून देतो.

मी ते बघितलं आणि म्हटलं, अरे, ही गोष्ट तर कुर्डुवाडीची आहे. ज्या गावाची ओळखच जंक्शन, ज्या गावातून १८९७ साली बार्शीकडं अडीच फुटी रुळावर लाइट रेल्वे निघाली, ज्या गावातले बाप डबा घेऊन वर्कशॉपला जायचे आणि ज्यांच्या पोरांनी छोट्या गाडीच्या खिडकीतून जग बघितलं, त्या गावाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २००८ ला लातूरपर्यंतचं काम होऊन मोठी लाइन झाली. सोय झाली, चांगलंच झालं. पण छोटी गाडी गेल्याची हुरहुर काय असते हे आपल्या गावाला माहितीय.

म्हणून मी हौसेनं शेजारच्या चौथीतल्या पोराला बोलावलं. म्हटलं बस, बघ. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. पाच मिनिटांत पोरगं वळवळायला लागलं. मग म्हणालं, "काका, हे हिंदीत नाही का?"

मराठीत नाही का, असं ते म्हणालं नाही. घरात मराठी, शाळा मराठी, तरी त्याला हिंदीच सुचलं. मराठीत असं काही असू शकतं हेच त्या लेकराच्या डोक्यात नाही.

आता थोडं आठवा. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जी.आर. निघाला. महाराष्ट्र पेटला. जूनमध्ये शब्द फिरवून दुसरा जी.आर. काढला, लोक आणखी चिडले, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. मी पण त्या विरोधात लिहिलं होतं, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते पुढं पाठवलं होतं. बरोबरच केलं. पण एक सांगा, ज्या दिवशी आपण फोनवर ते पुढं ढकलत होतो, त्या दिवशी शेजारच्या खोलीत आपलं तीन वर्षांचं लेकरू काय ऐकत होतं?

डोरेमॉन. हिंदीत.

२००५ पासून हा निळा बोका हिंदी बोलत आपल्या घरात आहे. ज्यांनी तेव्हा पहिलीत असताना बघितला ते आता लग्नाच्या वयाचे झालेत आणि रात्री मोबाईलवर नोबिताचे जुने भाग बघून हळवे होतात. म्हणजे आठवणीसुद्धा हिंदीत! पहिलीपासूनची सक्ती आपण हाणून पाडली. पाळण्यापासूनचा वर्ग मात्र वीस वर्षं बिनबोभाट सुरू आहे, आणि त्याची फी आपणच भरतोय, दर महिन्याला रिचार्ज करून.

लगेच कुणी गैरसमज करून घेऊ नका. हिंदीवर राग नाही. आपलं गाव रेल्वेचं, देशभरची माणसं इथं नोकरीला आली, राहिली, आपली झाली. डोरेमॉनवर तर अजिबात राग नाही. राग आहे तो आपल्यावर. आपण मागतच नाही.

मागितलं की मिळतं का? पुरावा देतो. जपानी कलाकारांनी आपल्या लोकांबरोबर केलेला रामायणाचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये थिएटरला परत लागला. भाषा कोणत्या? हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेअर'चा सिनेमा आला. भाषा? जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी दोन्हीकडं गायब. मोठ्या रिलीजच्या यादीत मराठी बघायला मिळणं म्हणजे अपवाद.

आता २०११ ची जनगणना बघा. मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. तेलुगू ८ कोटी ११ लाख. तमिळ ६ कोटी ९० लाख. म्हणजे संख्येत आपण दोघांच्या पुढं, आणि रांगेत दोघांच्या मागं सुद्धा नाही. आपण रांगेतच नाही. पंढरपूरच्या रामायणप्रेमी माणसानं आपल्या नातवाला जपानी रामायण दाखवायचं तर हिंदीतून दाखवायचं!

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: मराठी माणसाला हिंदी कळतं, मग खर्च कशाला? धंद्याच्या दृष्टीनं खोटं नाही ते. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. आपण दुसऱ्याची भाषा शिकलो याची शिक्षा आपल्याच भाषेला मिळतेय. जो अडून बसला त्याला त्याच्या भाषेत मिळालं, जो समजून घेतो त्याला "चालतंय की" म्हणून सोडून दिलं.

दुसरे म्हणतात, जपानी गोष्ट मराठीत कृत्रिम वाटेल. का वाटेल? एकच उदाहरण देतो. डोरेमॉन ज्या पदार्थासाठी जीव टाकतो तो डोरायाकी. हिंदीत त्याचा 'डोरा केक' केला. खरा पदार्थ काय आहे? लाल कडधान्य शिजवायचं, साखर घालून आटवायचं, वाटायचं, आणि दोन गोड धिरड्यांच्या मध्ये भरायचं. अहो, हे पुरण आहे! होळीला घरोघर शिजतं ते. हे मराठी आईला केक म्हणून समजावायची गरजच नाही. नोबिताला रागावणारी आई, शाळेत मार खाणारं पोरगं, गल्लीतला दांडगट, हे सगळं आपल्या गल्लीत आहे. फक्त आवाज आपला नाही.

आणि तिसरे, सगळ्यात शहाणे, म्हणतात मराठीला विज्ञानकथा कुठं पेलते? त्यांना सांगा, जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली होती, 'कृष्णविवर'. जगातला मोठा खगोलशास्त्रज्ञ मराठीत पोरासोरांना कळेल असं लिहीत होता. त्याच्याही आधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला. त्याच व्हर्नवरून स्फूर्ती घेऊन जपानच्या सार्वजनिक एनएचके वाहिनीनं १९९०-९१ मध्ये 'नादिया' ही ३९ भागांची मालिका दाखवली, आज तिथले पन्नाशीचे लोक ती परत बघतात. व्हर्न दोघांकडं आला. त्यांनी पुढच्या पिढीला दिला, आपण कपाटात ठेवला. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. श्रद्धांजलीच्या पोस्टी आपण सगळ्यांनी टाकल्या. त्यांच्या एका गोष्टीचं मराठी कार्टून मात्र आपलं पोरगं मागेल तेव्हा दाखवता येत नाही.

पैसा नाही म्हणू नका. सप्टेंबर २०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले. मग या दोन गोष्टी एकमेकींना भेटणार कधी?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, त्या धोरणातून सवलत घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओनं ठरावीक काम मराठीत करायचंच, अशी अट घाला.

दोन, सह्याद्री वाहिनीनं रोज संध्याकाळी अर्धा तास पोरांसाठी जगातलं उत्तम कार्टून मराठी आवाजात दाखवावं. आवाजाला माणसं कमी पडणार नाहीत. सोलापूर जिल्ह्यात एकांकिका करणारी पोरं गावोगाव आहेत, त्यांना काम मिळेल.

तीन, ही आपल्यासाठी. जिथं मराठी आवाजाचा पर्याय असेल तिथं तो आधी दाबा. नसेल तर कंपनीला लिहा, मराठीत लिहा. एकानं लिहून काही होत नाही, तालुक्यानं लिहिलं तर होतं.

आणि चाळिशीतल्या माझ्या दोस्तांनो, जायंट रोबोट जरूर बघा. पण एकटे कानात हेडफोन घालून रडू नका. लेकराला मांडीवर घ्या, आवाज बंद करा आणि तुमच्या तोंडानं, आपल्या कुर्डुवाडीच्या मराठीत त्याला गोष्ट सांगा. डबिंग येईल तेव्हा येईल. तोवर घरातला रिमोट तरी आपल्या हातात आहे.

तुमच्या घरात पोरं काय बघतात आणि कोणत्या भाषेत, ते खाली खरं खरं लिहा. पाण्यावरची पोस्ट उद्या.