गाडीवरचा फेस आणि अम्मीची बचत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आमच्यापुढे आहे. यजमान कुवेतला. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. मधल्या वेळात मोहल्ल्यातल्या गाड्या धुऊन देण्याचं त्याच्या मनात आलं आहे. त्यासाठी त्याला प्रेशर मशीन, फोम गन आणि पाच लिटरचा फोमचा कॅन घ्यायचा आहे. दुकानदाराने सगळं मिळून सोळा हजार सांगितले. तेवढे पैसे अम्मीने धाकटीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले आहेत. मुलगा म्हणतो, सहा महिन्यांत परत करतो. भगिनी विचारतात, "द्यावेत का? की हे नुसतं फेसाचं खूळ आहे?"

खूळ नाही, हे आधी सांगतो. पण सोळा हजारांची गरजही आज नाही.

फेस कशासाठी, हे आम्हाला स्वतःला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी ईदच्या आदल्या दिवशी भाच्याची गडद निळी गाडी आम्ही मोठ्या हौसेने धुतली. बादलीत कपड्यांची पावडर, हातात जुनी बनियन, आणि जोर लावून गोल गोल घासणं. संध्याकाळी गाडी झकास दिसली. ईदगाहवरून परतताना सकाळचं ऊन बॉनेटवर पडलं तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकले. भाचा काही बोलला नाही, पण ती गाडी त्याने पुन्हा आमच्या हातात दिली नाही.

आपल्याकडे गाडीवर नुसती धूळ नसते, जांभ्याची बारीक, खरखरीत माती असते. ती फडक्याखाली सापडली की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. कोरड्या गाडीवर फडकं मारणं तर सगळ्यांत वाईट. आखातातल्या भावांच्या ज्या गाड्या अकरा महिने अंगणात कव्हरखाली उभ्या असतात, त्यांच्यावर कव्हरच्या आतही धुळीचा थर बसतो, आणि साहेब सुट्टीवर यायच्या आदल्या दिवशी घरातलं कोणीतरी कोरड्या कपड्याने ती 'चमकवतं'. हाताने घासण्याआधी फेस मारून ठेवायचा तो यासाठीच. शाम्पू मातीच्या कणांखाली शिरतो, त्यांची पकड सैल करतो, आणि पाणी मारलं की बरीचशी माती हात न लावता खाली उतरते. उरेल तेवढ्यालाच हात लावायचा.

म्हणून फेस किती जाड आला यावर जाऊ नका. दाढीच्या साबणासारखा दाट पांढरा फेस व्हिडिओत छान दिसतो, पण काम फेसातलं द्रावण करतं. फेसाचा उपयोग इतकाच की ते द्रावण उभ्या दारावर थोडा वेळ टिकून राहतं. फार घट्ट फेस तर ढेकळासारखा चिकटून बसतो आणि धुवायला जास्त पाणी मागतो.

फोम घेताना पहिला प्रश्न त्याच्या पीएचचा. सात म्हणजे समतोल, त्याच्या वर अल्कली. लोकांच्या मोटारींसाठी सातच्या आसपासचा शाम्पू घ्यावा. तो रंगावरचं वॅक्स उतरवत नाही, रबराला आणि अ‍ॅल्युमिनियमला त्रास देत नाही. कपड्यांची पावडर आणि सुट्या कॅनमधून मिळणारे कडक द्रव जोरदार अल्कली असतात. मळ झटकन काढतात, पण वॅक्सही नेतात, आणि काही दिवसांनी रंग निस्तेज दिसू लागतो. धाकटी शिकते आहेच, तिला विज्ञानाच्या प्रयोगाचा पीएच कागद विचारा. गाडीवर मारायचं तेच पातळ द्रावण तपासा. कागद हिरवा राहिला तर ठीक, गडद निळा-जांभळा झाला तर तो माल दुसऱ्याच्या गाडीला लावू नये. ज्या कॅनवर घटक, प्रमाण आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही तो स्वस्त असला तरी घेऊ नये. चाकांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही बिनलेबल द्रवांत अ‍ॅसिड असतं, आणि ते मुलाच्या हाताला आणि श्वासाला लागतं.

व्हॅनची गोष्ट थोडी वेगळी. शाळेची व्हॅन रोज रस्त्यावर, मागच्या दारावर आणि चाकांच्या वर धुराचा काळा तेलकट थर. त्यावर सौम्य फोम कधी कधी हार मानतो. तिथे किंचित अल्कली फोम महिन्यातून एखाद्या वेळी, फक्त खालच्या भागाला आणि मागच्या दाराला, वापरायला हरकत नाही. व्हॅनवर शाळेचं नाव, चमकणाऱ्या पट्ट्या आणि स्टिकर असतात. त्यांच्या कडांवर जोराचं पाणी मारलं की त्या उचकटतात. सीएनजी किटवर आणि इंजिनच्या वायरिंगवर तर पाण्याची धार अजिबात नको.

आता यंत्राकडे येऊ. फेस मारायला प्रेशर मशीनच लागते असं नाही. दीड-दोन लिटरचा हाताने हवा भरायचा फोम पंप मिळतो, घरातल्या झाडांवर फवारायचा असतो तसाच, फक्त तोंडाशी फेस करणारी जाळी असते. साधारण हजार रुपयांच्या आत येतो. वीज नको, नळ नको. एका भरण्यात लहान मोटार झाकली जाते, व्हॅनला दोनदा भरावा लागतो. फेस मशीनइतका दाट येत नाही, पण माती सैल करायला पुरतो. धुण्यासाठी आंबा बागायतदारांकडे असतो तसा पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरी पंप चालतो. मात्र तो नवा, फक्त गाड्यांसाठी घेतलेला असावा. कीटकनाशक मारलेला पंप कितीही खंगाळला तरी या कामाला आणू नये. त्याचा तुषार मुलाच्या तोंडावर येणार आहे. आमच्या अंदाजाने लहान गाडीला दोन टाक्या आणि हात फिरवायला दोन बादल्या पुरतात. अंगणातला पाइप उघडा सोडून धुणारे किती पाणी घालवतात ते पाहायचं असेल तर पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा आणि वीस मिनिटांचा हिशेब करा.

पाण्याचं आम्ही मुद्दाम काढलं. बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आणि चार मुद्दांचा एक साअ. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच गावात टँकरची वाट पाहणारी घरं असताना गाड्या धुण्याच्या धंद्यात उतरणाऱ्याला हे माप ठाऊक असलेलं बरं. आणि फेसाचं पाणी विहिरीच्या बाजूला वाहू देऊ नका. गाडी उतारावर, विहिरीपासून लांब, मातीत पाणी जिरेल अशा जागी उभी करावी.

प्रमाणात बहुतेक जण फसतात. डब्यावर 1:10 लिहिलेलं असेल तर ते बहुधा मशीनला लावायच्या बाटलीसाठी असतं. मशीनच्या धारेत ते आणखी पातळ होतं. समजा, मशीन मिनिटाला सहा लिटर पाणी सोडते आणि एक लिटरची बाटली दोन मिनिटांत संपते. बाटलीत शंभर मिलिलिटर शाम्पू असेल तर तो शंभर मिलिलिटर सुमारे तेरा लिटर पाण्यात मिसळून गाडीवर पडतो, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. हातपंपात मात्र भरलं तेच गाडीवर पडतं. तिथे 1:10 घातलं तर द्रावण दहापटीहून जास्त कडक होतं आणि महिन्याचा शाम्पू आठवड्यात संपतो. दीड लिटर पाण्यात तीस मिलिलिटरपासून सुरुवात करावी. खोकल्याच्या औषधाचं टोपण मापाला चालतं, पण मग ते पुन्हा औषधाच्या बाटलीला लावू नये.

वेळ फजरनंतरची उत्तम, नाहीतर असरनंतरची. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा, चटका बसत असेल तर थांबावं. आधी चाकं, वेगळ्या फडक्याने. चिखल असेल तर साधं पाणी मारून घ्यावं. मग फेस खालून वर मारत जावा, म्हणजे खालच्या जास्त मळलेल्या भागाला जास्त वेळ मिळतो. तीन ते पाच मिनिटं ठेवावा, वाळू देऊ नये, आणि धुताना वरून खाली यावं. त्यानंतर मायक्रोफायबरचा मोजा, एक बादली शाम्पूची, दुसरी नुसत्या पाण्याची. मोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेली लाल माती पाहिली की दोन बादल्या कशाला हे मुलाला वेगळं सांगावं लागणार नाही. बोअरचं पाणी असेल तर शेवटी पुसून घ्यावं, नाहीतर पांढरे ठिपके राहतात.

तेव्हा भगिनी, आमचं मत असं. फोम पंप, बॅटरी पंप, एक लिटर सौम्य शाम्पू, दोन बादल्या, दोन मोजे आणि चार पुसायची फडकी एवढ्यापुरतेच पैसे आज द्या. चार-पाच हजारांत बसेल. बाकीचे धाकटीच्या नावावर राहू द्या. मुलाला एक वही द्या. कोणाची गाडी, आधीपासून कुठे ओरखडा किंवा पोचा होता, किती शाम्पू लागला, किती पैसे मिळाले, सगळं लिहायचं. दुसऱ्याची गाडी अमानत असते. आधीचा ओरखडा मालकासमोर दाखवून लिहून ठेवला की नंतर वाद होत नाही. पहिल्या चार-पाच गाड्या घरच्यांच्या आणि मामूच्या धुवाव्यात, फुकट.

पन्नास गाड्या झाल्यावर वही आपल्यासमोर उघडून त्याने मशीनची गोष्ट काढली तर ऐका. त्या वेळी घ्यायची ती मशीन बादलीतून पाणी ओढणारी असावी, कारण नळाला दाब असेलच असं नाही. फोम गनमधल्या बारीक छिद्राचा आकार मशीनला जुळतो का ते विचारावं. घरगुती कमी पाण्याच्या मशीनला 1.1 मिलिमीटरचं छिद्र ठीक, मोठ्या छिद्राने फेस पाणचट येतो. घरात अर्थिंग आणि ईएलसीबी आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. ओल्या पायांनी चालवायची विजेची वस्तू आहे, इथे काटकसर नको. आणि धार रंगापासून निदान फूटभर लांब, टायरच्या कडेवर तर मुळीच रोखून धरायची नाही.

हातपंप रोज काम झाल्यावर हवा सोडून रिकामा करायचा आणि एकदा साध्या पाण्याने चालवायचा. शाम्पू आत वाळला की जाळी बुजते, आणि नवा पंप बिघडला असं वाटून मुलं तो दुकानात परत घेऊन जातात. आमच्याकडच्याने तेच केलं होतं. दुकानदाराने जाळी काढली, कोमट पाण्यात टाकली आणि पंप हसत परत दिला.