दोन वर्षांची सूट आणि तिसऱ्या वर्षाचा फास

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या विभागांतून पीएच.डी. झालेली मुले-मुली आज दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका, युरोप येथील प्रयोगशाळांत संशोधन करतात. शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडच्या खेड्यांतून आलेले, घरातले पहिले पदवीधर असलेले संशोधकही त्यांत असतात. निवड झाली की गावात सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. तिकिटाचे पैसे कसेबसे उभे राहतात. मात्र तिकडच्या विद्यापीठाने पाठवलेल्या नेमणूक पत्रातील कराचा मजकूर समजावून सांगणारे घरात कोणी नसते. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून चार्टर्ड अकाउंटंटची ये-जा आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्या मुलांना तो पडतो, आणि बहुधा उशिरा पडतो.

म्हणून तात्पुरते परदेशी जाणाऱ्या संशोधकाच्या आयकराचा विषय नीट समजून घेतला पाहिजे. तो किचकट आहे म्हणून सोडून देता येणार नाही.

पहिली गोष्ट, शिष्यवृत्ती वेगळी आणि पगार वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००३ साली सुरू केलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही शिक्षणाच्या खर्चासाठी मिळते. शिक्षणखर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भारतात आयकर नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(१६) मध्ये तसे स्पष्ट होते आणि नव्या कायद्यातही ही सवलत ठेवली आहे. भारतातून दिली जाणारी ही रक्कम अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तिथले उत्पन्न धरली जात नाही. येथवर चिंता नाही. पण तोच विद्यार्थी तिथे अध्यापन सहायक किंवा संशोधन सहायक म्हणून काम करू लागला की त्याचे पैसे हे कामाचा मोबदला ठरतात. पोस्टडॉक संशोधकाला मिळणारी रक्कम तर बहुतेक वेळा पगारच असते. नाव ‘फेलोशिप’ असले म्हणून ती करमुक्त होत नाही. काम कोणाचे, पैसे कोणाचे आणि कशासाठी, हे पाहिले जाते.

दुसरी गोष्ट दोन वर्षांच्या सवलतीची. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८९ साली झाला. त्याच्या अनुच्छेद २२ नुसार भारताचा रहिवासी असलेला प्राध्यापक किंवा संशोधक, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही इतक्या काळासाठी अमेरिकेतील मान्यताप्राप्त विद्यापीठात शिकवायला वा संशोधनाला गेला, तर त्या कामाच्या पगारावर अमेरिका कर घेत नाही. संशोधन सार्वजनिक हिताचे असावे, एखाद्या खासगी कंपनीच्या फायद्यासाठी नसावे, ही अट आहे. तिथल्या विद्यापीठाकडे फॉर्म ८२३३ भरून दिला की पगारातून आयकर कापला जात नाही. अमेरिकन प्राध्यापक भारतात आला तर त्यालाही हीच सवलत भारत देतो.

वाचायला हे सरळ वाटते. फास पुढे आहे. मुक्काम दोन वर्षांपेक्षा लांबला, तर अमेरिकी कर खात्याच्या भूमिकेनुसार सवलत फक्त तिसऱ्या वर्षापासून थांबत नाही. पहिल्या दिवसापासूनची सगळी सवलत जाते. दोन वर्षे न कापलेला कर मागे जाऊन भरावा लागतो, वर व्याज.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते पाहा. पोस्टडॉकची नेमणूक साधारण वर्षा-वर्षाने वाढते. बाविसाव्या महिन्यात प्रमुख प्राध्यापक म्हणतो, शोधनिबंध अर्धवट आहे, आणखी सहा महिने थांब. नाही म्हणायचे कसे? शिफारसपत्र त्याच्याच हातात आहे, आणि इकडे प्राध्यापकाची कायम जागा निघण्याची वाट पाहत लोक तासिका तत्त्वावर राबत आहेत. संशोधक थांबतो. तोपर्यंत वाचलेले डॉलर घरी आलेले असतात. त्यातून बहिणीचे लग्न झालेले असते, पत्र्याच्या जागी स्लॅब पडलेला असतो. खर्च झालेल्या पैशांवरचा कर मग उरलेल्या सहा महिन्यांच्या पगारातून कसा फेडायचा? श्रीमंत घरातल्या मुलाला हा धक्का सोसतो. पहिल्या पिढीच्या संशोधकाला तो कर्जात ढकलतो.

यावर उपाय आहे. मुक्काम लांबण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून असेल तर सवलत घेऊच नये, कर कापू द्यावा. दोन वर्षांच्या आत परतलो तर तिथे विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. पण हा सल्ला विमानात बसण्याआधी मिळाला तरच उपयोगी.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या दिवसांच्या हिशेबाची. भारतात कर नागरिकत्वावर नाही, रहिवासावर ठरतो. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासी, आणि सर्वसाधारण रहिवाशाचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र. दुसरा नियम असा की, आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस आणि चालू वर्षात ६० दिवस भारतात असलेलाही रहिवासी ठरतो. मात्र नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा आहे. संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख ठरवली. त्यात ‘कर वर्ष’ असा नवा शब्द आला, पण दिवसांचे हे सूत्र तेच राहिले.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो? पगारी नेमणुकीवर ऑगस्टमध्ये गेलेला पोस्टडॉक त्या वर्षी अनिवासी ठरतो. तोच ऑक्टोबरमध्ये गेला, तर एप्रिलपासूनचे १८२ दिवस भारतात भरलेले असल्याने तो रहिवासी ठरतो आणि मार्चपर्यंतचा परदेशी पगारही भारताच्या हिशेबात येतो. नव्या करपद्धतीत रहिवाशाला २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर लागत नाही, पण अमेरिकेतील सहा महिन्यांचा पगार रुपयांत केला तर ही मर्यादा ओलांडू शकतो. आणि अमेरिकेने करारानुसार कर घेतलेलाच नसेल, तर ‘मी तिकडे कर भरला’ म्हणून इकडे वजावटही मागता येत नाही. तिकडे सूट म्हणजे इकडेही सूट, हा समज चुकीचा आहे. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. तो नोकरीसाठी गेला असे म्हणता येत नाही, म्हणून त्याला ६० दिवसांचा नियम लागतो. एकाच विमानाने गेलेल्या दोघांना दोन वेगळे हिशेब!

चौथी गोष्ट परतल्यानंतरची. दोन-तीन वर्षे बाहेर राहून आलेला संशोधक रहिवासी झाला की, तिकडे चालू राहिलेले बँक खाते त्याने विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात हे न दाखवण्याला १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून वगळले, हे बरे झाले. तरीही खाते दाखवण्याची जबाबदारी संपलेली नाही. शंभर डॉलर शिल्लक असलेले विसरलेले खातेसुद्धा नोटिशीचे कारण होऊ शकते.

या साऱ्या विषयाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत घटनादुरुस्तीनंतर आयकराचा कायदा झाला. कोलंबियातले त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे आयकराचे मोठे अभ्यासक. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर घ्यावा का, या प्रश्नावर राष्ट्रसंघासाठी १९२३ साली चार अर्थतज्ज्ञांनी अहवाल लिहिला, त्यांतले एक सेलिग्मन. आजच्या दुहेरी करआकारणी करारांचे मूळ त्या विचारात आहे. बाबासाहेबांच्या १९२५ च्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. मार्च १९२० मध्ये कागल संस्थानातल्या माणगाव परिषदेत शाहू महाराज बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. सार्वजनिक वित्तव्यवहार हा ज्यांचा अभ्यासविषय होता, त्यांच्या वारसांनी कराला घाबरून किंवा कंटाळून चालणार नाही.

मागण्या साध्या आहेत. सामाजिक न्याय विभाग आणि बार्टीने शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रासोबत मराठीत दोन पानांची कर-माहिती द्यावी: कोणती रक्कम करमुक्त, कोणती नाही, आणि परत आल्यावर काय दाखवायचे. शिवाजी विद्यापीठाने परदेशी जाणाऱ्या प्रत्येक संशोधकाला जाण्यापूर्वी एक तास जाणकार चार्टर्ड अकाउंटंटसमोर बसवावे. कोल्हापुरात अशा जाणकारांची वाण नाही, आणि आपल्या समाजातील सीए मंडळींनी स्वतःहून पुढे यावे. केंद्र सरकारने संशोधनासाठी जाणे हे नोकरीसाठी जाणे धरले जाईल, असे कायद्यातच स्पष्ट लिहावे. आणि अमेरिकेबरोबरच्या कराराचा फेरविचार होईल तेव्हा भारताने एक गोष्ट धरून ठेवावी: दोन वर्षे संपली की तिसऱ्या वर्षापासून कर घ्या, मागचा घेऊ नका.

तोपर्यंत यंदा जाणाऱ्यांनी तीन तारखा वहीत लिहून ठेवाव्यात: भारत सोडल्याची, तिकडे पोहोचल्याची, आणि पोहोचल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याची. मुदतवाढीच्या कागदावर सही करण्याआधी तिसरी तारीख पाहावी.