बाहेर वाट नसलेलं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाणारा माणूस बहुधा काठावरून खालचं हिरवं पाणी पाहतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. देखावा आहेच तसा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत उतरत गेलेली झाडी आणि तळाशी पाण्याचं गोल तबक. पण लोणारचं खरं मोल त्या पाण्याच्या स्वभावात आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याची राखण होणार नाही, असं माझं ठाम मत आहे. हा खड्डा ज्वालामुखीचा असावा, असा एके काळी समज होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो अशनीच्या आघाताने झाल्याचं दाखवलं. दगडातल्या खनिजाची प्रचंड दाबाखाली काच झालेली होती, आणि इतका दाब ज्वालामुखी निर्माण करत नाही. विवराचं वय एका मोजणीने सुमारे ५२ हजार, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघतं. दख्खनच्या काळ्या बेसाल्टात एवढं सुस्थितीत टिकलेलं आघात-विवर जगात विरळाच, म्हणूनच चंद्र-मंगळाचे अभ्यासकही इथले दगड तपासतात.

आता पाण्याकडे पाहू. काठावरची धार बारमाही वाहते आणि तिचं पाणी गोडं आहे. पावसाचं पाणीही गोडंच. तरीही सरोवर खारं आहे, आणि त्याचा सामू १० च्या आसपास जातो. कारण साधं आहे: या पाण्याला बाहेर वाट नाही. आत आलेलं पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि ते जीव फोफावले. पाणी थोडं कमी-जास्त होताच ज्याचा रंग पालटतो, ते सरोवर किती नाजूक असेल?

यावर कुणी म्हणेल, हजारो वर्षं टिकलेल्या सरोवराला माणूस काय करणार? पण ज्या बंदिस्तपणामुळे क्षार साठले, त्याच बंदिस्तपणामुळे सांडपाणी, साबण आणि शेतातली खतंही आतच साठतात. नदी घाण पुढे वाहून नेते. लोणारला ती सोय नाही. दुसरा आक्षेप अवर्षणाला कंटाळलेल्या मुलखाचा आहे: तळं भरलं तर चांगलंच की! इतर तळ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. इथे मात्र गोडं पाणी फार वाढलं तर खारटपणा पातळ होतो, आणि त्याच खारटपणावर जगणाऱ्या जीवांचं घर मोडतं. तिसरा आक्षेप श्रद्धेचा आणि पोटाचा, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. कमळजा देवीची यात्रा आणि धारेवरचं स्नान बंद करा, असं माझं म्हणणं नाही. साबण आणि कचरा वर ठेवून खाली उतरता येतं. गावातलं दैत्यसूदन मंदिर नीट दाखवणारे, विवराची गोष्ट शास्त्रशुद्ध सांगणारे स्थानिक वाटाडे तयार झाले, तर प्रवासी तासाऐवजी दिवसभर थांबेल आणि गावाला रोजगारही मिळेल.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तो मान टिकवायचा तर सर्वांत आधी गावाचं सांडपाणी विवरात उतरता कामा नये; सुशोभीकरणाचा क्रम त्यानंतरचा. आणि लोणारला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवावं: इथे आपण जे टाकू, ते इथेच राहणार आहे.