विहारातली वाटी

बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात खीरदान असते. कित्येक वर्षे आम्ही ही खीर प्लास्टिकच्या कपात, प्लास्टिकच्या चमच्याने वाटत होतो. संध्याकाळपर्यंत सारे कप-चमचे गटारात जात. महिन्याभरात पहिला पाऊस आला की गटार तुंबे. ते उपसायला उतरणारे सफाई कामगार आपल्याच वस्त्यांतले. खीर आपण खायची आणि घाण आपल्याच भावाने उपसायची, याला दान कसे म्हणावे?

म्हणून गेल्या वर्षी आम्ही मुलांना सांगितले, "घरून आपापली वाटी-चमचा आणा." मुले लगेच तयार झाली. पण मागे बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "गावच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी ठेवायचे. आमची आम्हीच विसळायचो. आता विहारातबी पोरांनी आपलं भांडं वेगळं आणायचं का?"

आम्ही गप्प झालो. आजींचे खरे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, ते हा वेगळेपणा मोडण्यासाठीच.

शेवटी महिला मंडळाने मार्ग काढला. विहारासाठीच स्टीलच्या वाट्या आणि चमचे घ्यायचे. लग्नात आपण भांडी देतोच, तशा ज्याला जमतील त्याने चार वाट्या द्याव्यात. वाटीवर देणाऱ्याचे नाव नाही, फक्त विहाराचे नाव कोरायचे. आज एकाने खाल्लेली वाटी उद्या दुसऱ्याच्या हाती जाईल.

धुण्याचे काम मुलांकडे दिले, मुलींबरोबर मुलग्यांकडेही. एका घमेल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. मग पुसून, मोजून पेटीत. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत एक भिक्षापात्र असते, तेच रोज धुऊन वापरतात, हे सांगितल्यावर मुलांना कामाची गोडी लागली. आता ही पेटी वस्तीतल्या वाढदिवसांनाही जाते आणि मुलेच ती मागून नेतात.

प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी ते दुकानात मिळतातच. कागदी ग्लासालाही आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपल्या विहारात येत्या पौर्णिमेच्या आत हा विषय काढावा. बोलणी करताना मुलांना आणि म्हाताऱ्यांना जवळ बसवावे. आम्हाला शहाणपण आजींनी दिले.

जयभीम!