ताट आधी, तिकीट मागाहून

व्यापारी घरातील मुलांना चीन ऐकून ठाऊक असतो: यिवूची घाऊक बाजारपेठ, ग्वांगझौचे कॅन्टन प्रदर्शन, माल, कंटेनर आणि भाव. १९५७ मध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत भरते. त्या निमित्ताने निघालेला गृहस्थ पत्नीला व चार-पाच वर्षांच्या लेकराला सोबत घेऊन आठवडाभर एखादे खेडे पाहू इच्छित असेल, तर बेत उत्तम आहे. मात्र त्याची आखणी बाळाच्या ताटापासून व्हावी.

चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना एप्रिलच सोयीचा. पाऊस असतो, म्हणून छत्री हवी. मे महिन्याच्या आरंभीची सुट्टीची गर्दी टाळावी. ग्वांगझौहून वेगवान गाडीने सुमारे अडीच तासांत यांगशुओ स्थानक येते. गाव तेथून दूर आहे, पुढे मोटार लागते. चुनखडीच्या सुळक्यांमधून वाहणाऱ्या युलोंग नदीकाठच्या एकाच खेड्यात चार-पाच रात्री राहावे. रोज गाव बदलले की मोठ्यांना बरेच पाहिल्याचे समाधान मिळते आणि मूल आजारी पडते. लोंगजीच्या भातशेतीच्या पायऱ्या पाहायच्या असल्यास बाबागाडी घरीच ठेवावी; तेथे दगडी पायऱ्यांची चढण आहे.

चिनी भाषेत शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. पण केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने काम भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, रस्सा हाडांचा असू शकतो. तेथील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. म्हणून ‘मठातल्यासारखे जेवण’ ही खूण पुष्कळांना कळते. तरीही बटाटा, मुळा, कमळकाकडी आणि अळंबी मठात चालतात. यास्तव वर्ज्य पदार्थांची चिनी लिपीतील यादी सोबत असावी. लहान विजेचा कुकर, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, खाकरा आणि थेपले न्यावेत; ताजी फळे सीमेवर नेऊ देत नाहीत, ती तेथेच घ्यावीत. नळाचे पाणी पिऊ नये. उकळलेले पाणी मात्र गाड्यांत व मुक्कामी सहज मिळते, आणि त्याचे तेथील लोकांनाही कौतुक असते. स्वयंपाकघर वापरू देणारे, परदेशी पाहुण्यांची नोंदणी करणारे निवासस्थान आधी विचारून ठरवावे. बाळाचे पारपत्र व व्हिसा स्वतंत्र लागतात. पैसे देण्याचे मोबाइल ॲप आणि भाषांतराची सोय घरूनच सज्ज करावी. तेथे गूगल व व्हॉट्सॲप नेहमीसारखे चालत नाहीत.

एवढी तयारी झाली तरी खरी कसोटी पुढेच असते. खेड्यातील आजीबाई बाळाला जवळ घेतील, हातावर खाऊ ठेवतील. त्या खाऊत काय आहे, हे कळणार नाही. अशा वेळी आईबापांनी नाक मुरडले, तर मूल नियमाबरोबर तुच्छताही शिकते. हात जोडून, हसून नकार दिला आणि आपल्या डब्यातला खाकरा पुढे केला, तर ते वेगळे काही शिकते. आपले व्रत आपल्या ताटापुरते असते; त्याने समोरच्याची पायरी ठरत नाही. ज्यांच्या हातून घडलेला माल आपल्या दुकानात येतो, त्यांच्या दारात हे कळणे ही बाळासाठी प्रवासाची मोठी कमाई होय.