रोपाचा मुक्काम कुठे लांबतो

रोप कशाने पाठवायचे असा प्रश्न आला की बहुतेक बागप्रेमी आधी दर विचारतात आणि मग दिवस. स्पीड पोस्टला किती पडतात, कुरिअरला किती, कोण दोन दिवसांत पोचवतो आणि कोण चार. कागद, कापड किंवा पुस्तक पाठवायचे असेल तर एवढा हिशोब पुरे. जिवंत रोपाला तो पुरत नाही, कारण रोपाचे नुकसान चालत्या गाडीत फारसे होत नाही. ते होते पार्सल जिथे पडून राहते तिथे: पत्र्याच्या गोदामात, उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत, रविवारी कुलूप लागलेल्या कचेरीत, किंवा ज्याच्या नावाने ते आले त्याच्या बंद फाटकाबाहेर. अंधारात पान अन्न तयार करू शकत नाही, पण त्याचे श्वसन चालूच असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खोक्यातल्या रोपाची शिदोरी फार लवकर संपते. म्हणून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून रोपे पाठवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ‘किती दिवस’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. पार्सल कुठे आणि किती वेळ थांबणार, हे आधी पाहावे. आणि त्याच्याही आधी रोप कोणत्या रूपात पाठवायचे ते ठरवावे.

वनस्पतींच्या प्रवासाचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजाने महिनोन्महिने प्रवास करणारी बहुतेक रोपे खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी वाटेतच मरत. लंडनमधल्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ मध्ये बंद बाटलीतल्या ओल्या मातीत एक नेचा आपोआप उगवून तग धरताना दिसला. त्यांनी काचेच्या झाकणाच्या बंदिस्त पेट्या तयार केल्या आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला रवाना केल्या. काही महिन्यांनी त्यातली रोपे सुखरूप उतरली. जहाज तेच होते आणि त्याचा वेगही तोच होता. बदलली होती ती रोपाची बांधणी. मात्र आजही अनेक जण या गोष्टीतून चुकीचा धडा घेतात आणि रोप ओल्या मातीसकट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. वॉर्ड यांच्या पेटीला काच होती, आत उजेड पोचत होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात उजेड नसतो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात प्लॅस्टिकच्या आत साचलेला दमट वाफारा दोन दिवसांत पाने कुजवतो. पान कोरडे आणि मूळ ओलसर, ही साधी शिस्त पाळली तर एखादा दिवस जास्त लागला तरी बिघडत नाही. ती मोडली तर सर्वात महाग सेवाही कामाची नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. कर्जतचा पिन ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२, खोपोलीचा ४१०२०३ आणि नेरळचा ४१०१०१. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे. पिनमधले पहिले तीन आकडे पत्र कोणत्या वर्गवारी जिल्ह्यात जाणार ते सांगतात. ४१० मध्ये पनवेलही येते आणि घाटावरचे लोणावळेही येते. पण नेरळपासून लोकलने अर्ध्या तासाच्याही आत असलेले वांगणी-बदलापूर ४२१ मध्ये जाते. म्हणजे नकाशावरचे जवळ आणि टपालाच्या लेखी जवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी कुरिअरचेही तसेच: कर्जतहून निघालेले खोके बहुधा आधी भिवंडी किंवा नवी मुंबईच्या बाजूच्या मोठ्या गोदामात जाते आणि मगच त्याला दिशा मिळते. त्यामुळे नेरळहून बदलापूरला किंवा खोपोलीहून कर्जतला रोप द्यायचे असेल तर कोणतीही सेवा निवडूच नये. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी द्यावी. कर्जत-खोपोली मार्गावर आणि मुंबईच्या लोकलमध्ये रोज हजारो माणसे ये-जा करतात. रोपाच्या दृष्टीने हातातल्या पिशवीइतका कमी थांब्यांचा प्रवास दुसरा नाही.

लांब पाठवायचे असेल तर खरा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा असतो, आणि इथे मी टपालाच्या बाजूचा आहे. कोथरूड किंवा दादरच्या पत्त्यावर कुरिअर आणि टपाल दोन्ही सारखेच. पण कशेळे, खांडस, कडाव, वावोशी अशा गावांत आणि त्यांच्या वाड्यांवर येणारे खोके खासगी कुरिअर पुष्कळदा तालुक्याच्या गावी ठेवते आणि ‘येऊन घेऊन जा’ असा फोन करते. फोन लागला नाही तर खोके पडून राहते. देशातल्या सुमारे एक लाख पासष्ट हजार डाकघरांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास डाकघरे ग्रामीण भागात आहेत. गावचा डाक सेवक माणसे ओळखतो, कोण शेतावर आहे आणि कोण बाजाराला गेला आहे हे त्याला ठाऊक असते. रोपाच्या पार्सलाला या ओळखीचा उपयोग कोणत्याही यंत्रणेपेक्षा जास्त आहे. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या बागप्रेमीला रोप पाठवताना हा एकच मुद्दा निर्णायक ठरावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: टपालात पार्सल आपटतात आणि त्याचा माग लागत नाही. माग न लागण्याचे म्हणणे आता जुने झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टचा प्रवास मोबाइलवर पाहता येतो, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही त्यातच विलीन झाले, आणि ओटीपी देऊन पार्सल ताब्यात घेण्याची सोयही त्याच वर्षी आली. आपटण्याबद्दल म्हणाल तर दोन्हीकडे माणसे थैल्यांमधूनच माल हलवतात. खोक्यावर लाल अक्षरात ‘नाजूक’ लिहून फारसे काही साधत नाही. खोक्यात रोप हलणार नाही असे ते बांधणे हे पाठवणाऱ्याचे काम आहे. खोडाला पुठ्ठ्याची पट्टी बांधून ती तळाला पक्की करावी आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरावा. खोके उलटे पडले तरी रोप जागेवर राहिले पाहिजे.

या दोन तालुक्यांपुरती एक अडचण मात्र फार खरी आहे आणि तिच्याबद्दल बोलले जात नाही. इथले कितीतरी बागप्रेमी शनिवार-रविवारचे रहिवासी आहेत. त्यांचे शेतघर नेरळला किंवा चौक गावाजवळ, आणि नोकरी मुंबईत. सोमवारी निघालेले पार्सल बुधवारी किंवा गुरुवारी शेतघरी पोचते तेव्हा फाटकाला कुलूप असते. ओटीपी सांगायला माणूस नसतो, पार्सल डाकघरात परत जाते, आणि रविवारी मालक येतो तेव्हा डाकघर बंद. दोष सेवेचा नाही, पत्त्याचा आहे. अशा माणसाने मुंबईच्या घराचा पत्ता द्यावा आणि शुक्रवारी रात्री रोप स्वतः सोबत आणावे. पाठवणाऱ्यानेही पत्ता लिहून घेताना ‘या पत्त्यावर बुधवारी कोण असते?’ एवढे विचारावे. एका प्रश्नाने जितकी रोपे वाचतील तितकी जादा दराच्या सेवेने वाचणार नाहीत.

सेवेच्या आधी रूप ठरवा असे मी म्हटले, त्यामागे वजनाचे कारणही आहे. बहुतेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकाराचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागले की आकाराचे वजन किलोत निघते. ४० बाय २५ बाय २० चे खोके चार किलोचे धरले जाते, आत सातशे ग्रॅमचे रोप असले तरी. मातीच्या पिशवीतले आंब्याचे किंवा सोनचाफ्याचे कलम पाठवणे म्हणजे माती आणि हवा यांचे भाडे भरणे, आणि तरीही गोळा फुटून मुळे उघडी पडण्याची भीती राहतेच. कलमे माणसाच्या हातानेच जावीत, किंवा फार लांब असेल तर जवळच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

टपालासाठी जन्मल्यात असे वाटावे अशा वनस्पती आपल्या परसात मुबलक आहेत, आणि त्यांच्यावर थोडे थांबायला हवे. देवचाफ्याचा फाटा तोडल्यावर चीक सुकण्यासाठी त्याला तसाही आठवडाभर कोरडा ठेवावाच लागतो; तो आठवडा त्याने टपालाच्या थैलीत काढला तर काही बिघडत नाही. ब्रह्मकमळाचे पान, पानफुटी, कोरफड, निवडुंग यांचेही तसेच. अडेनियम माती झटकून, मुळे सुकवून, कागदात गुंडाळून पाठवता येते. याउलट जास्वंद, मोगरा यांच्या हिरव्या काड्या नाजूक: तळाला ओलसर शेवाळ किंवा सुती चिंधी बांधून, अर्धी पाने छाटून, जलद सेवेने आणि थंड महिन्यांतच पाठवाव्यात. सर्वात सोपे प्रवासी म्हणजे कंद. आंबेहळद, भुईचाफा, सोनटक्का, निशिगंध, कळलावी. इथे आपले पंचांग मात्र उलटे झाले आहे. आपल्याला रोपांची आठवण जूनमध्ये होते, आणि नेमके तेव्हा या भागात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस सुरू होतो. थैल्या भिजतात, घाटात दरडी येतात, खोक्यात बुरशी धरते. आंबेहळद किंवा भुईचाफ्याचा कंद पाने वाळल्यावर, उन्हाळ्यात झोपलेला असतो. फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत तो कोरड्या कागदात, हवेची भोके पाडलेल्या पाकिटात पाठवला तर त्याला उकाड्याचे काही वाटत नाही, आणि घेणाऱ्याच्या हाती तो पावसाच्या तोंडावर पडतो. अशा पार्सलाला महाग सेवेची गरजच नाही. कळलावीच्या कंदावर मात्र ‘विषारी’ असे ठळक लिहावे. त्यात कोल्चिसिन असते आणि तो रताळ्यासारखा समजून घरातल्या कुणी शिजवला तर जिवावर बेतू शकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कृषितज्ज्ञ घेतात: टपालाने रोपांसोबत कीडही फिरते. हे खरे आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला आणि २०१० मध्ये पुण्याच्या भागात पोचला. रोपे, फळे आणि फांद्या यांच्या वाहतुकीचा अशा प्रसारात मोठा हात असतो. परदेशातून बियाणे किंवा रोपे टपालाने मागवण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकाने पाकिटात चार बिया घालून पाठवणेही त्यात येते, आणि ते टाळलेच पाहिजे. देशातल्या देशात आपणच संगरोध अधिकारी व्हायला हवे. याचे उत्तर देवाणघेवाण बंद करणे हे नाही. मातीशिवाय पाठवणे हेच याचे निम्मे उत्तर आहे, कारण सूत्रकृमी, हुमणीची अंडी आणि मूळकुजीची बुरशी मातीतूनच जातात. मुळे धुऊन, पानांच्या मागची बाजू तपासून पाठवावे, आणि घेणाऱ्याने आलेले रोप दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावे. जंगलातले मात्र काहीही टपालात जाऊ नये. माथेरानच्या उतारावरची किंवा भीमाशंकरच्या बाजूची आमरे झाडावरून काढून पाकिटात भरणारे लोक स्वतःला बागप्रेमी म्हणवतात याचे मला मनापासून दुःख होते. राखीव जंगलातून रोप उपटणे हा १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि परसात ती आमरे बहुधा जगतही नाहीत.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा रोपवाटिकेतून विकत का घेऊ नये, असेही विचारले जाईल. रोपवाटिका खपणाऱ्या दहा-वीस जाती ठेवते, आणि धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण एखाद्या वाडीतली लांबट वालपापडी, कुणाच्या आजोळची एकेरी पाकळीची जास्वंद, ठाकरांच्या परसातली कणगर ही माणसाकडून माणसाकडेच जाते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो गावठी बियाणे जपून वाटल्याबद्दल. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे जपण्याचा, पेरण्याचा आणि देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. छापील नावाने संरक्षित वाण विकण्याला तेवढी मनाई आहे. हा हक्क वापरायचा तर गावोगाव पोचणारी स्वस्त वाट हवी, आणि ती आज टपालाचीच आहे.

म्हणूनच टपाल खात्याकडे एक मागणी आहे आणि ती करायला रायगडच्या बागप्रेमींनी संकोच करू नये. शाखा डाकघराची थैली दिवसातून एकदाच निघते. ती निघून गेल्यावर दिलेले पार्सल दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहते. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर आणि त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक शाखा डाकघराच्या दारावर थैली किती वाजता निघते ती वेळ ठळक लिहावी, आणि पार्सल घेणाऱ्याला हवे असेल तर ते डाकघरातच ठेवून त्याला फोन करण्याची सोय पाठवतानाच नोंदवता यावी. पहिल्या गोष्टीला खडू पुरतो. दुसरीसाठी मोबाइल क्रमांक आधीच पार्सलावर असतो. तोवर रोप सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, थैलीची वेळ विचारूनच खिडकीवर द्यावे.