तांब्याच्या नाण्याचा पेला

जगाच्या इतिहासाच्या पेपरात आम्हां विद्यार्थ्यांना ऑगस्टस सम्राटाची कारकीर्द विचारली जाते. त्याच सुमारास काचेच्या भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या कारागिराविषयी दोन गुणांचाही प्रश्न येत नाही. मला हा अन्याय वाटतो.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापर्यंत काचेचे भांडे ही बहुधा श्रीमंतांचीच मिजास होती. मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळायची, नाहीतर साच्यात घडवून मग घासत बसायचे. एकेका कुपीला केवढा खटाटोप! पुढे सीरिया-पॅलेस्टाईनच्या परिसरात कोणीतरी तप्त काचेत फुंकर घातली. जेरुसलेमच्या उत्खननात, त्या शतकाच्या मध्याच्या सुमाराच्या, फुंकून फुगवलेल्या काचेच्या नळ्या सापडल्या आहेत. त्या फुंकरीने काय साधले? भूगोलकार स्ट्रेबो सांगतो, की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. फुटक्या काचेच्या बदल्यात गंधकाच्या काड्या देणारा फेरीवाला मार्शल कवीच्या काव्यात भेटतो. म्हणजे काच गल्लीबोळांत पोचली होती!

कोणी म्हणेल, खरी कला पाहायची तर ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातला लायकर्गस चषक पाहा. समोरून उजेड पडला तर हिरवा, पाठीमागून पडला तर लाल. त्याचे सौंदर्य मला मान्य आहे. पण असा चषक किती जणांच्या ओठांना लागला असेल?

मला बायझंटाइन काळातील जेरुसलेमच्या सहाकोनी कुप्या अधिक बोलक्या वाटतात. इसवी सन ६०० च्या आसपास साच्यात फुंकलेल्या या कुप्यांपैकी काहींवर ख्रिस्ती क्रूस आहे, तर काहींवर ज्यूंचा शाखायुक्त दीप; आणि दोन्ही एकाच कारखान्यातल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. गिऱ्हाइकाचा धर्म बदलला, तर कारागीर फार तर साचा बदलत असेल; भट्टी तीच, फुंकरही तीच. आज त्याच भूमीत धर्माच्या नावाने रक्त सांडत असताना हा धडा लहान म्हणता येईल काय?

यातील बहुतेक कारागिरांची नावे काळाने पुसली. पहिल्या शतकातील एनियनने मात्र, हे आपण घडवले, असे ग्रीक अक्षरांत आपल्या भांड्यांवर उमटवून ठेवले. आमच्या गुरुजनांना एवढीच विनंती, की सम्राटांच्या यादीत या एका नावाला जागा द्यावी. दोन गुणांची असली तरी चालेल.